एका सामान्य विषाणूविषयी : संसर्ग, संशय आणि शहाणपण

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत साधारणतः अहवाल, आठवणी आणि शुभेच्छा यांनाच जागा असते. अशा मंगल प्रसंगी स्त्रीपुरुष-संबंधातून पसरणाऱ्या विषाणूवर लेख यावा, हे काही वाचकांस कदाचित रुचणार नाही. परंतु जो ट्रस्ट कुटुंबांच्या कल्याणासाठी उभा राहिला, त्याने घरातील आईला अकाली ओढून नेणाऱ्या रोगाविषयी मौन पाळणे हे त्याहूनही अनुचित होय. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, त्यापायी खटले सोसले, आणि असे विषय मराठीत सभ्यपणे व स्पष्टपणे मांडता येतात हे दाखवून दिले. तेव्हा आज आपण तरी संकोच का करावा?

ज्या रोगाविषयी हा लेख आहे त्याला शास्त्रीय भाषेत गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणतात. आपल्या घरांतून तो 'पिशवीचा कॅन्सर' या नावाने ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन विभागाने २०२२ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. रोगाचा भर बहुधा चाळिशी-पन्नाशीत असतो. म्हणजे मुलांची लग्नकार्ये व्हायची असतात, घर तिच्या हातावर चाललेले असते, अशा वेळी तो गाठतो. आणि खेदाची गोष्ट अशी की, कर्करोगांपैकी टाळता येण्याजोगा असा जर कोणता असेल, तर तो हाच.

विषाणू कोणता?

या रोगाच्या मुळाशी जो विषाणू आहे त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात एच.पी.व्ही. म्हणतात. हा एकच विषाणू नसून दोनशेहून अधिक भाऊबंदांचे मोठे गोत आहे. लहान मुलांच्या हातापायांवर जी चामखीळ येते, ती याच गोतातील काही जणांची करणी. ते निरुपद्रवी असतात. सुमारे चाळीस प्रकार जननेंद्रियांच्या त्वचेवर व ओलसर अस्तरावर वस्ती करतात. त्यांतील डझनभर प्रकार कर्करोगास कारण होऊ शकतात. त्यांतही क्रमांक १६ व क्रमांक १८ हे दोघे विशेष घातक. जगभरातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात.

या शोधाचा इतिहासही मनोरंजक आहे. इटलीतील व्हेरोना शहरातील रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने १८४२ साली आपल्या शहरातील मृत्यूंच्या जुन्या नोंदी तपासल्या. गर्भाशयाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांत विवाहित स्त्रिया पुष्कळ आणि मठातील जोगिणी अगदी थोड्या, असे त्यास आढळले. वैवाहिक जीवनाशी या रोगाचा काही संबंध असावा, हे त्यावरून उमगले. पण तो संबंध कोणता, हे कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली. १९८३ व १९८४ या दोन वर्षांत जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत या कर्करोगाच्या पेशींतून १६ व १८ क्रमांकाचे विषाणू ओळखण्यात आले. या कार्यासाठी त्यांना २००८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तो पसरतो कसा?

येथे बऱ्याच जणांची समजूत चुकीची असते. हा विषाणू रक्तातून शरीरभर फिरत नाही, खोकल्यावाटे उडत नाही, की डासावाटे येत नाही. तो केवळ त्वचेच्या व ओलसर अस्तराच्या वरच्या थरांत राहतो आणि तेथूनच दुसऱ्याच्या त्वचेकडे जातो. त्याचा प्रवास म्हणजे स्पर्शाचा प्रवास होय.

स्त्रीपुरुषांच्या संबंधाच्या वेळी त्वचेचे त्वचेशी घर्षण होते आणि नाजूक अस्तरावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून विषाणू अस्तराच्या अगदी तळच्या थरापर्यंत पोहोचतो. तळच्या पेशी सतत नव्या पेशी निर्माण करीत असतात, आणि त्या नव्या पेशी हळूहळू वर सरकत जातात. विषाणू त्यांच्याबरोबर वर येतो, वाढतो, आणि पृष्ठभागावरच्या मृत पेशी गळून पडतात तेव्हा त्यांच्याबरोबर बाहेर पडतो. या सर्व खटाटोपात तो पेशी फोडीत नाही, सूज आणीत नाही, ताप आणीत नाही. त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ताही लवकर लागत नाही. घरात चोर शिरला, पण भांडे वाजले नाही, अशातला हा प्रकार.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, संसर्ग होण्यास पूर्ण संबंधच व्हावा लागतो असे नाही. जननेंद्रियांच्या भागाचा निकट स्पर्शही पुरतो. दुसरी, निरोधाच्या वापराने धोका कमी होतो, पण तो पुरता टळत नाही. कारण निरोधाने न झाकलेल्या त्वचेवरही विषाणू असू शकतो. इतर गुप्तरोगांपासूनचे संरक्षण लक्षात घेता निरोधाचे महत्त्व मात्र कायमच आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ज्याच्या अंगी विषाणू आहे त्याला तो आहे हे ठाऊकच नसते. पुरुषाला तर बहुधा आयुष्यभर कळत नाही. पुरुषांच्या संसर्गासाठी नेहमीच्या वापरातील अशी तपासणीही आज नाही.

आईकडून बाळाला प्रसूतीच्या वेळी संसर्ग होणे शक्य असते, पण ते क्वचित घडते. सार्वजनिक शौचालय, पाण्याची टाकी, एका ताटात जेवणे, एकमेकांचे कपडे धुणे, आजारी स्त्रीची शुश्रूषा करणे, यांमुळे घरात कोणाला हा रोग जडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. 'पिशवीचा कॅन्सर' झालेल्या बाईचे अंथरूण-पांघरूण वेगळे करण्याची जी चाल काही घरांत दिसते, तिला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. कर्करोग स्वतः कोणाकडून कोणाला लागत नाही.

संशयाचा संसर्ग

आता थोडे नाजूक, पण आवश्यक असे बोलावयाचे आहे. तापीच्या मुखाशी वसलेल्या या हजिऱ्यात आपली मराठी बिऱ्हाडे कशी आली, हे वाचकांस सांगावयास नको. कोणी खानदेशातून, कोणी कोकणातून, कोणी देशावरून. बहुतेक ठिकाणी कारखान्यातील नोकरीसाठी पुरुष पुढे आला, खोली मिळाली, बस्तान बसले, आणि मग बिऱ्हाड मागाहून आले. काहींच्या बाबतीत ही ताटातूट वर्ष-दोन वर्षांची होती, काहींच्या बाबतीत त्याहून मोठी.

अशा घरात वीस वर्षांनंतर पत्नीच्या तपासणीचा कागद येतो आणि त्यावर विषाणू आढळल्याचे लिहिलेले असते. 'लैंगिक संबंधातून पसरणारा' एवढे तीन शब्द कानांवर पडतात आणि संसाराला तडा जाऊ लागतो. ती म्हणते, 'तुम्ही इकडे एकटे होता तेव्हा काय केलेत?' तो म्हणतो, 'मी नसताना गावी तू काय करीत होतीस?' सासूबाई तिसरेच काही बोलतात. कित्येक स्त्रिया या भयानेच तपासणीला जात नाहीत, आणि अंगावरून जाणारे अंगावर काढतात.

म्हणून हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, त्या कागदावरून संसर्ग केव्हा झाला, कोणाकडून झाला, यांपैकी काहीही सांगता येत नाही. विषाणू वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर पुन्हा डोके वर काढू शकतो. आजचा अहवाल लग्नाच्या पहिल्या वर्षातील संसर्गाचा असेल, किंवा लग्नापूर्वी दोघांपैकी एकाच्या आयुष्यात घडलेल्या एखाद्या प्रसंगाचा असेल. ते डॉक्टरही सांगू शकत नाही. जन्मभर एकाच पुरुषाशी संसार केलेल्या स्त्रीलाही हा संसर्ग होतो. ज्यांचे वैवाहिक वा लैंगिक जीवन सुरू झाले आहे अशा बहुतेक सर्व स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होऊन जातो. जी गोष्ट जवळजवळ सर्वांना होते, ती कोणाच्या शीलाचा दाखला कशी होईल?

सुरतकरांना याचा एक अनुभव आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये शहरात प्लेग झाल्याची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. रोगापेक्षा भय वेगाने धावले. आपल्या विषाणूच्या बाबतीत भयाचे रूप निराळे आहे. येथे लोक शहर सोडून पळत नाहीत, तोंड लपवितात. आणि तोंड लपविल्याने रोगाला हवा तेवढा वेळ मिळतो.

संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे

दहांपैकी सुमारे नऊ संसर्ग शरीराच्या स्वतःच्या शक्तीने दोन वर्षांच्या आत नाहीसे होतात, किंवा तपासणीत दिसेनासे होतात. त्याला औषध लागत नाही. स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर गुप्तरोगावरील रामबाण उपायांच्या ज्या जाहिराती रंगविलेल्या असतात, त्यांच्या नादी लागण्याचे तर मुळीच कारण नाही; कारण हा विषाणू नष्ट करणारे औषध आजमितीस उपलब्धच नाही.

थोड्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र घातक प्रकारचा विषाणू मुक्काम हलवीत नाही. तो वर्षानुवर्षे टिकला की गर्भाशयमुखाच्या पेशी बिघडू लागतात. या बिघाडापासून कर्करोग होण्यास साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात, एच.आय.व्ही.सारख्या कारणाने प्रतिकारशक्ती खालावली असल्यास ५ ते १० वर्षे पुरतात. धूम्रपानाने धोका वाढतो. अधिक बाळंतपणे व इतर गुप्तरोग यांचाही हातभार लागतो.

हा १५-२० वर्षांचा काळ म्हणजे आपल्या हाती असलेला अवधी होय. त्या काळात स्त्रीला काहीही त्रास जाणवत नाही, पण तपासणीत बिघाड दिसू शकतो आणि साध्या उपचाराने तो काढता येतो. पाळी नसताना रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे दिसली तर एक दिवसही न दवडता डॉक्टरकडे जावे. परंतु लक्षणांची वाट पाहत बसणे म्हणजे बहुधा उशीर करणे होय.

बार्शीने जगाला काय शिकविले?

या कामी महाराष्ट्राच्या एका दुष्काळी टापूने साऱ्या जगास मार्ग दाखविला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. पुढे १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्था यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, एक मोठा प्रयोग केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांचे, गावांच्या समूहांप्रमाणे, चार गट पाडले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या प्रकारच्या तपासण्या, तीही आयुष्यात केवळ एकदा. चौथ्या गटात फक्त माहिती व नेहमीची आरोग्यसेवा.

विषाणू शोधण्याची तपासणी ज्या गटात झाली, तेथे दर शंभर स्त्रियांमागे सुमारे दहा जणींत तो आढळला. या खेड्यापाड्यांतील, शेतात राबणाऱ्या संसारी बायका होत्या. हा विषाणू 'तसल्या' बायकांचा, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणू-तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी या कर्करोगाने ३४ दगावल्या. ज्या गटात तपासणी नव्हती तेथे ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ दगावल्या. म्हणजे जन्मात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीकाही झाली, आणि ती विचारात घेण्यासारखी आहे. त्या ६४ जणींचे ऋण आपल्यावर आहे, आणि मिळालेले ज्ञान वापरात आणल्यानेच ते काही अंशी फिटेल.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून दुसरा प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या सेविकांना शिकवून, गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी दर दोन वर्षांनी करविली. बिघडलेला भाग आम्लाने पांढरा दिसतो, एवढेच त्यातील शास्त्र. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षाप्रमाणे त्यानेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

लस

विषाणू शरीरात शिरण्यापूर्वीच त्याला अडविणारी लस २००६ पासून जगात उपलब्ध आहे. लसीत विषाणू नसतो, केवळ त्याच्या बाहेरच्या कवचासारखी रचना असते. म्हणून लसीने संसर्ग होऊ शकत नाही. आधीच झालेला संसर्ग मात्र ती बरा करीत नाही. म्हणून ती ९ ते १४ या वयात देणे उत्तम. 'एवढ्या लहान मुलीला ही लस कशाला?' या प्रश्नाचे उत्तर हेच की, धनुर्वाताची लस आपण जखम होण्याची वाट न पाहता देतो.

गुजरातेत या लसीविषयी काहींच्या मनात किंतु आहे, त्याला कारणही आहे. २००९ साली वडोदरा जिल्ह्यात व तत्कालीन आंध्रातील खम्मम जिल्ह्यात लसीचा एक प्रकल्प सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि २०१० मध्ये सरकारने तो थांबविला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही; मात्र पालकांची संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर दोष निघाले. लस निर्दोष असली तरी पालकांना न सांगता-समजाविता काम करू नये, हा धडा त्यातून घ्यावा.

त्या बंदीमुळे बार्शी, पुणे, मुंबई, अहमदाबाद वगैरे ठिकाणी चालू असलेला दुसरा अभ्यासही थांबला, आणि जवळजवळ पाच हजार मुलींना ठरलेल्या मात्रांपैकी एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर दिसून आले की, क्रमांक १६ व १८ चा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचाही पर्याय मान्य केला, त्यामागे हा पुरावा होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या स्वदेशी लसीस मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. ती मुलांनाही देता येते. पुरुषांनाही या विषाणूमुळे घशाचा, गुदद्वाराचा व जननेंद्रियाचा कर्करोग होऊ शकतो. शिवाय साखळीतील एक कडी मुलाचीही असते.

आपण काय करावे?

आपल्या कारखान्यांतून धोक्याच्या कामावरील कामगाराची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते. कान, डोळे, छाती पाहिली जाते. त्याचा डबा पहाटे उठून भरणाऱ्या गृहिणीची तपासणी कोण करते? सरकारी मार्गदर्शनानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रीने दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. लस घेतली असली तरी तपासणी चुकवू नये. तपासणीस थोडाच वेळ लागतो, भूल द्यावी लागत नाही.

तपासणीत काही आढळले तर तो अहवाल पतिपत्नींनी एकत्र बसून वाचावा, आणि डॉक्टरला पुढचा मार्ग विचारावा. मागचा हिशेब विचारू नये. नवऱ्याने पत्नीबरोबर दवाखान्यात जाणे, हा या बाबतीतला मोठा उपचार आहे. सासूने सुनेस आणि सुनेने सासूस सोबत न्यावे. ज्या वयात सासू तपासणी टाळते, त्याच वयात तिला तिची गरज अधिक असते.

आपल्या ट्रस्टच्या हळदीकुंकवाला महिलामंडळाच्या शंभर-दीडशे भगिनी सहज जमतात. त्याच दिवशी, त्याच सभागृहात, एखाद्या स्त्रीडॉक्टरांचे अर्ध्या तासाचे व्याख्यान आणि शेजारच्या खोलीत तपासणीची सोय करणे अवघड नाही. वाणाबरोबर प्रत्येकीला पुढील तपासणीच्या तारखेची एक चिठ्ठी द्यावी. महोत्सवी वर्षात एवढा एक संकल्प सोडला आणि दर पाच वर्षांनी तो न चुकता पाळला, तर पुढच्या महोत्सवाच्या पंक्तीत बसणाऱ्या आया आणि आज्या संख्येने अधिक असतील. ट्रस्टच्या कार्याचा याहून मोठा ताळेबंद कोणता असू शकेल?